गोव्यात गोल्फ : सुट्टीसाठी मैदान कसं निवडायचं?

आपल्या मालिकेचा प्रेक्षक इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव असा सगळीकडे पसरलेला आहे. त्यामुळे प्रश्नही तऱ्हेतऱ्हेचे येतात. हिवाळा जवळ आला की एक प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेला असतो. "आम्ही चौघं मित्र गोल्फ खेळतो. यंदा बायका-मुलांना घेऊन गोव्याला जायचं म्हणतोय. कुठलं मैदान चांगलं?"

या प्रश्नाचं एका नावात उत्तर देता येतं, पण ते उत्तर फसवं ठरेल. गोव्यातल्या रिसॉर्टच्या जाहिरातीत हिरवळ दिसते, मागे नारळ आणि निळा समुद्र दिसतो, खाली 'गोल्फ' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी मावतात. चित्र बघून आपण चार माणसांची तिकिटं काढतो, किटचे पैसे भरतो, वर्षभराच्या बचतीतला मोठा वाटा खर्च करतो. तिथे पोहोचल्यावर कळतं की इथे ड्रायव्हर पिशवीतून बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही. मैदान वाईट नसतं. आपण भलतंच समजून आलेलो असतो.

म्हणून मैदानाच्या आधी एक गोष्ट ठरवा. तुम्ही गोल्फसाठी सुट्टी घेताय, की सुट्टीत थोडं गोल्फ खेळणार आहात? या दोन वेगळ्या सहली आहेत. ठिकाणं वेगळी, खर्च वेगळा, आणि घरच्यांचा मूडही वेगळा.

गोव्यात नेमकं काय आहे?

जयपूरच्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर गोल्फ म्हणजे रामबाग असतं. राजवाड्याच्या शेजारचं, शहराच्या मधोमध असलेलं १८ होलचं मैदान. पुण्याच्या माणसाला येरवड्याचं पूना क्लबचं मैदान आठवतं, मुंबईकराला चेंबूरचं प्रेसिडेन्सी. ही सगळी पूर्ण मैदानं. त्याच मापाने आपण गोव्याकडे बघतो आणि चूक तिथेच होते.

हे पुस्तक तयार होईपर्यंत तरी गोव्यात पर्यटकाला सरळ जाऊन खेळता येईल असं पूर्ण १८ होलचं मोठं मैदान नाही. जे आहे ते रिसॉर्टच्या आवारात आहे, आणि तेही दक्षिण गोव्यात.

पहिलं काणकोण तालुक्यातल्या राजबाग किनाऱ्यावरचं, ललित रिसॉर्टचं. ते नऊ होलचं आहे, पण 'डबल टी' पद्धतीचं. म्हणजे ग्रीन नऊच, पण प्रत्येक होलसाठी सुरुवातीच्या जागा दोन. पहिली फेरी एका टीवरून, दुसरी फेरी दुसऱ्या टीवरून. अंतर बदलतं, कोन बदलतो, आणि नऊ होलमध्ये १८ होलचा खेळ पुरा होतो. गोव्यात गंभीरपणे खेळायचं असेल तर पहिली चौकशी इथे करावी.

दुसरं मोबोरचं, साळ नदी समुद्राला मिळते त्या टोकाजवळ. पूर्वी हे लीला हॉटेल म्हणून ओळखलं जायचं, आता सेंट रेजिस आहे. इथलं मैदान १२ होलचं. आकडा ऐकून गोंधळू नका. गोल्फमध्ये १८ हा आकडा काही देवाने दिलेला नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला पूर्वी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि फेरी १८ ची झाली. पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला. त्यामुळे १२ होलवर चांगली सकाळ घालवता येते. फक्त तुमच्या हँडिकॅपचा हिशेब तिथे नेहमीसारखा बसणार नाही.

तिसरं बाणावलीच्या ताज एक्झॉटिकामधलं नऊ होलचं छोटं मैदान. याला 'पिच अँड पट' म्हणतात. प्रत्येक होल एवढा जवळ की वेज आणि पटर असले की काम झालं. ज्यांनी कधी क्लब हातात धरला नाही अशा घरच्यांना घेऊन जायला हे सगळ्यांत सोपं. आठ-दहा वर्षांची मुलंसुद्धा इथे रमतात. पण रामबागला १४ क्लबची पिशवी घेऊन खेळणाऱ्या माणसाने ती पिशवी इथे विमानाने नेली, तर ती सबंध सुट्टी कपाटात उभी राहील.

ते मोठं मैदान गोव्यात का झालं नाही?

याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात आपण काय मागतोय तेही कळतं.

१८ होलच्या मैदानाला ढोबळमानाने सव्वाशे ते दीडशे एकर जमीन लागते. शिवाय पावसाळा सोडून रोज पाणी. पाण्याची किंमत जगतपुऱ्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. बीसलपूरच्या पाण्याची वाट बघत ज्यांनी टँकर मोजले आहेत, त्यांना एवढी हिरवळ बघितली की पहिला प्रश्न तोच पडतो.

गोव्यात किनाऱ्यालगत एवढी मोकळी जमीन नाहीच. जी आहे तिथे भातशेती, काजू, वाडे, देवळं, चर्च आणि माणसं आहेत. त्यात १९९१ साली किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. समुद्राच्या भरतीरेषेपासूनच्या पट्ट्यात काय करता येईल यावर तिने बंधनं घातली. वाळूच्या टेकड्या सपाट करणं, करमणुकीसाठी त्यांचा आकार बदलणं याला तिने मनाई केली. गंमत बघा, मूळ स्कॉटिश 'लिंक्स' मैदानं वाळूच्या टेकड्यांवरच तयार झाली. तिथे गवत आपोआप उगवत होतं, मेंढ्या ते कुरतडत होत्या, आणि लोक खेळत होते. आपल्याकडे त्याच टेकड्या वादळात गावाचं रक्षण करतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

महाराष्ट्राच्या सीमेवरचं तेरेखोल बघा. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला चिकटून असलेलं हे गोव्याचं छोटंसं गाव. केरीहून फेरीबोटीने जायचं, किंवा रेडीच्या बाजूने रस्त्याने. इथे १८ होलचं मैदान आणि आलिशान रिसॉर्ट उभारायचा प्रकल्प आला. जमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्या कुळांच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला. २०१४ मध्ये यंत्रं गावात शिरली तेव्हा गावकरी आडवे आले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवाद आणि न्यायालयापर्यंत गेलं. रोजगार येईल म्हणून प्रकल्प हवा असलेले लोकही होते, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पण आपल्याला यातून एवढं समजतं की गोव्यात मोठं मैदान नाही, ते कुणाच्या आळसामुळे नव्हे. दीडशे एकर जमीन आणि रोजचं पाणी कुणाच्या तरी ताटातून यावं लागतं.

म्हणून मी म्हणतो, गोव्यातलं छोटं मैदान ही तडजोड मानू नका. त्या भूमीला झेपणारं गोल्फ तेवढंच आहे. आणि कुटुंबाबरोबरच्या सुट्टीला तेच सोयीचं पडतं. १८ होलला चार-साडेचार तास जातात. जाणं-येणं, आंघोळ, जेवण धरलं की दिवसाचा मुख्य भाग संपला. नऊ होल दोन-सव्वादोन तासांत आटोपतात. सकाळी सातला सुरुवात केली तर घरचे नाश्त्याला बसेपर्यंत तुम्ही परत. कुणाची कटकट नाही, कुणाचे टोमणे नाहीत.

१८ होलच हवे असतील तर?

मग किनारा बदला. विशाखापट्टणमचा ईस्ट पॉइंट गोल्फ क्लब एकोणिसाव्या शतकातला, १८ होलचा आणि समुद्राजवळचा. हैदराबादच्या आपल्या प्रेक्षकांना तो सोयीचाही आहे. केरळमध्ये कोची विमानतळाने आपल्या जमिनीवर मैदान उभारलं आहे. ते समुद्रावर नाही, नेडुंबासरीला आतल्या बाजूला आहे, पण उतरल्या उतरल्या खेळता येईल इतकं जवळ. तिथल्या तळ्यांवर तरंगते सौर पॅनलही बसवले आहेत.

दुसरा मार्ग सहलीचे दोन तुकडे करायचा. दोन दिवस पुणे किंवा मुंबई, मग गोवा. मात्र विलिंग्डन, प्रेसिडेन्सी यांसारखे क्लब सदस्यांचे आहेत. बाहेरच्या माणसाला सदस्याबरोबर किंवा संलग्न क्लबच्या ओळखीवर प्रवेश मिळू शकतो. म्हणून घरून निघण्याआधी आपल्या क्लबच्या कचेरीत संलग्न क्लबांची यादी मागा आणि ओळखपत्र तयार करून घ्या. नव्या मुंबईत सिडकोने उभारलेलं खारघर व्हॅलीचं मैदान आहे. डोंगरांच्या कुशीतलं हे मैदान ११ होलने सुरू झालं. तिथे सध्या किती होल खुले आहेत ते फोन करून विचारा.

परदेशाचा विचार असेल तर थायलंडचं हुआ हिन लक्षात ठेवा. तिथलं रॉयल हुआ हिन मैदान १९२४ पासूनचं, रेल्वे स्टेशनच्या अगदी लागून. एकाच छोट्या शहराच्या आसपास अनेक पूर्ण मैदानं असल्याने 'गोल्फसाठी सुट्टी' घेणाऱ्याला ते बरं पडतं. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तर इतकी मैदानं आहेत की कोस्टा देल सोलला लोक गमतीने कोस्टा देल गोल्फ म्हणतात. तिकडच्या काही क्लबांत हँडिकॅपचा दाखला मागतात, तो बरोबर असू द्या.

वारा, घाम आणि हरळी

आता खेळाबद्दल. जयपूर समुद्रसपाटीपासून साधारण ४३० मीटर उंचीवर. किनाऱ्यावरची हवा त्यापेक्षा थोडी दाट, म्हणून चेंडू किंचित कमी जाईल. पण आपल्या डिसेंबरच्या गारठलेल्या सकाळीपेक्षा गोव्याची हवा बरीच उबदार, आणि उबदार हवा हलकी. एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. दमट हवा जड असते, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमटपणामुळे चेंडू पडत नाही, आपण पडतो.

खरा फरक वारा करतो. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकासा वाहतो किंवा पडलेला असतो. दहा-अकरानंतर जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो. दुपारी तो चांगलाच जाणवतो. खेळाडूंचा एक ढोबळ हिशेब आहे. समोरून येणारा वारा ताशी १६ किलोमीटरचा असेल, तर फटक्यातलं साधारण दहा टक्के अंतर कमी होतं. १५० यार्डांचा फटका १३५ वर संपतो. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर फायदा मात्र त्याच्या निम्माच. म्हणजे जाताना गमावलेलं येताना पूर्ण परत मिळत नाही. म्हणून टी टाइम सकाळचाच मागा. दुपारचा स्वस्त मिळाला तर घ्या, पण गुण मोजत बसू नका.

घाम हा दुसरा मुद्दा. आपल्याकडची उष्णता कोरडी, घाम आला की वाळतो. तिथे वाळत नाही. तळहात आणि ग्रिप ओली राहते आणि क्लब हातातून फिरतो. दोन-तीन हातमोजे, एक कोरडा टॉवेल आणि पाण्यात मीठ-साखर एवढं पिशवीत असू द्या.

तिसरी गोष्ट गवताची. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर मुख्यतः बर्म्युडा जातीचं गवत लावतात. नाव परकं असलं तरी ते आपल्या घरचंच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी जिला वैतागून हरळी म्हणतो, तिच्याच कुळातलं. जिथे पाणी खारट आहे तिथे खारं पाणी सोसणारं पास्पालम गवतही लावतात. बर्म्युडाच्या ग्रीनवर गवताची पाती एका दिशेला झुकलेली असतात आणि चेंडू त्या दिशेला ओढला जातो. ग्रीन चमकदार दिसत असेल तर पाती तुमच्यापासून दूर झुकली आहेत, चेंडू जोरात जाईल. गडद, मळकट दिसत असेल तर पाती तुमच्याकडे झुकली आहेत, थोडा जोर वाढवा. पहिल्या दोन ग्रीनवर कॅडीचं ऐका, तो हे रोज बघतो.

केव्हा जायचं, कसं जायचं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यातही नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा. खोल्यांचे दर तेव्हा सर्वांत चढे असतात आणि सकाळचा टी टाइम मिळणं कठीण जातं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा त्या मानाने शांत. जून ते सप्टेंबर गोव्यात जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, म्हणजे जयपूरच्या वर्षभराच्या पावसाच्या पाचपट. त्या काळात गोवा सुंदर असतो, पण गोल्फसाठी नव्हे.

जगतपुऱ्याहून विमानतळ अगदी जवळ, त्यामुळे अर्धं काम सोपं. पुढे मात्र नकाशा नीट बघा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, आणि मोपाचा मनोहर विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला. मोपा उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात आहे आणि मैदानं सगळी दक्षिणेला. मोपाहून काणकोण शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसलं म्हणून मोपा घेतलं, तर ते दोन हजार टॅक्सीत जातात आणि वर दोन-अडीच तास जातात. तुमचं मैदान दक्षिणेत असेल तर आधी दाबोळीचं विमान शोधा. वेळ असणाऱ्यांना रेल्वेही आहे. मरुसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा जयपूरहून कोकण रेल्वेने मडगावला जाते. मडगावहून बाणावली आणि मोबोर दोन्ही जवळ.

जयपूरला हिवाळ्यात सकाळी धुकं पडतं आणि विमानं उशिरा सुटतात. म्हणून पोहोचायच्या दिवशी टी टाइम कधीच ठेवू नका. किट नेण्याआधी विमान कंपनी क्रीडासाहित्याचे किती पैसे घेते ते बघा आणि मैदानावर क्लब भाड्याने मिळतात का तेही विचारा. दोन फेऱ्यांसाठी भाड्याचे क्लब बहुधा परवडतात. तुम्ही डावखुरे असाल तर मात्र आधीच खात्री करा, डावखुऱ्यांचे संच सगळीकडे नसतात.

फोनवर विचारायचे प्रश्न

पैसे भरण्याआधी मैदानावर थेट फोन करा. मध्यस्थाशी नव्हे, गोल्फचं काम बघणाऱ्या माणसाशी बोला. हे आठ प्रश्न लिहून ठेवा.

१. सध्या किती होल खुले आहेत? एकूण पार किती, त्यात पार चार आणि पार पाचचे होल किती?

२. मैदानाची लांबी किती यार्ड? सगळे होल पार तीनचे असतील तर ड्रायव्हर घरीच ठेवा.

३. रिसॉर्टमध्ये न राहणाऱ्याला खेळता येतं का?

४. त्या आठवड्यात काही स्पर्धा, लग्न किंवा दुरुस्तीचं काम आहे का? रिसॉर्टच्या हिरवळीवर लग्नाचे मांडव पडतात, हे विसरू नका.

५. ग्रीन फी, कॅडी, बग्गी, भाड्याचे क्लब आणि कर धरून माणशी एका फेरीचे एकूण किती? फक्त ग्रीन फीचा आकडा ऐकून फोन ठेवू नका.

६. मैदानाचं स्लोप रेटिंग आहे का? ११३ म्हणजे सर्वसाधारण अवघड. त्यापेक्षा आकडा जितका वर, तितकं नवख्याला जड. छोट्या मैदानांना हे रेटिंग बहुधा नसतं, त्यावरूनही मैदानाची जात कळते.

७. सोबतच्या, न खेळणाऱ्या माणसाला बग्गीत बसून येता येतं का?

८. मैदानाला पाणी कुठून येतं? सांडपाण्यावर प्रक्रिया करून वापरत असतील तर तो माणूस अभिमानाने सांगेल. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी विचारलं, तरच हा प्रश्न त्यांच्या हिशेबात येईल.

या आठ उत्तरांवरून दोन याद्या करा. एकीकडे चौघा मित्रांना काय हवं, दुसरीकडे घरच्यांना काय हवं. दोन्ही याद्या जिथे जुळतात ते तुमचं मैदान. बहुतेक कुटुंबांसाठी ते नऊ किंवा बारा होलचं निघेल. आणि त्या याद्या जुळतच नसतील, तर मित्रांची सहल वेगळी काढा आणि गोव्याला घरच्यांबरोबर फक्त सुट्टीसाठी जा. दोन्ही सहली सुखाच्या होतील.

तुमच्या मनात एखादं मैदान असेल तर या आठ प्रश्नांची उत्तरं मिळवून आम्हाला जरूर कळवा. दुसऱ्या कुणाच्या तरी सुट्टीला त्यांचा उपयोग होईल.